मागील मूल

काशीत मेलेलं माणूस परत येत नाही. हे शास्त्रात आहे, आणि निम्मा हिंदुस्थान त्याच भरवशावर इथे मरायला येतो, तेव्हा ते खरंच असलं पाहिजे. मात्र ज्यांनी ते लिहिलं त्यांच्यापैकी कोणाची बायको दुसरेपणाची नसावी. पाटणकरांची पहिली सून अंबिका चार वर्षांपूर्वी काशीतच गेली, मणिकर्णिकेवरच जळली, जे काही म्हणून कानात सांगायचं ते सांगून झालं, त्या घरात अशा बाबतीत कसूर होत नसे. आणि तरी ती रोज सकाळी दूध तापवायच्या पातेल्यावर हजर असायची. 'सौ. अंबिका ढुंढिराज पाटणकर'. ठठेरी बाजारातल्या कारागिराने टिंब टिंब ठोकून काढलेली अक्षरं. पातेल्यावर, परातीवर, तांब्यावर, दोन तपेल्यांवर, अकरा वाट्यांवर. बारावी वाटी गंगेत गेली होती. दूध वर येताना ती अक्षरं आधी तापतात, असं निदान दुसऱ्या अंबिकेला वाटायचं, आणि फडक्याने धरूनही तिचं बोट नेमकं त्या 'सौ.'वर टेकायचं.

तीही अंबिकाच. झाशीला माहेरी असेपर्यंत ती बकुळ होती. लग्न ठरलं तेव्हा नाव काय ठेवायचं हा प्रश्न निघाला, आणि सासूबाईंनी, ज्यांना सगळी गल्ली माई म्हणायची, तो एका वाक्यात निकालात काढला होता. "नवं नाव म्हणजे सगळी भांडी पुन्हा ठठेऱ्याकडे न्या. घासून काढलं की भांडं पातळ होतं. अंबिका काय वाईट आहे, देवीचं नाव." मांडवात ढुंढिराजशास्त्र्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने ते नाव लिहिलं, न थांबता, न अडखळता, आणि झाशीच्या बायका कौतुकाने म्हणाल्या की अक्षर बघा कसं वळणदार आहे. वळण असणारच. हात बसलेला होता. मग गळ्यात टाक आला. पेराएवढी चांदीची पत्री, तिच्यावर उठवलेली एक बाई, हात जोडलेली, नाकडोळे नसलेली. दुसरेपणाच्या बायकोने पहिलीला असं गळ्यात वागवायचं, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं आणि मग आपण नेसायचं, अशी रीत. बकुळेने वागवलं. उन्हाळ्यात टाक घामाने छातीला चिकटायचा, आणि सोडवून घेतला की तिथे क्षणभर एक तांबडी बाई उरायची.

हे सगळं ती दोन वर्षं सोशीत आली, कारण मेलेल्या बाईशी भांडायचं कसं हे मुलीला कोणी शिकवून पाठवत नाही. पण चौतीस सालच्या भूकंपाच्या पुढच्या साली, भाद्रपदातल्या त्या मंगळवारी, जनाना इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि त्या म्हणाल्या, "इस बार वैसा नहीं होने देंगे."

'वैसा' म्हणजे कैसा, हे तिथल्या तिथे विचारायला हवं होतं. ते राहिलं, कारण हात. मिस सरकारांचा हात कोरडा होता, कार्बोलिकच्या वासाचा, आणि त्याने तिचा हात सोडला नाही. दोन वर्षांत इतका वेळ तिचा हात कोणी धरला नव्हता. लग्नात धरला होता तो भटजींच्या सांगण्यावरून. मिस सरकार वर्षभरापूर्वी कलकत्त्याहून आल्या होत्या. त्यांच्या आधीची मडम विलायतेला परत गेली होती, आणि तिच्यामागे उरली होती भिंतीवरची बादशहा-राणीची तसबीर आणि कपाटातली जुनी रजिस्टरं. टेबलावर कार्ड होतं. मिस सरकारांनी त्यावरून बोट फिरवत वाचलं, अंबिका, पती पंडित ढुंढिराज पाटणकर, मागील मूल एक, मुलगा, दहा पौंड, गेलं. "दर्द कितने घंटे रहा था?" त्यांनी विचारलं, हळूच, जखमेवरची पट्टी सोडवतात तसं.

"दो रात, एक दिन," अंबिका म्हणाली.

आपण खोटं बोललो असं तिला वाटलं नाही. ही गोष्ट तिने इतक्या वेळा ऐकली होती की स्वतःच्या लग्नापेक्षा तीच जास्त पाठ होती. शुक्रवारी दिवेलागणीला कळा सुरू झाल्या, सुईण म्हणाली डोकं आलंय पण खांदे अडलेत, माई म्हणाल्या थांबू, रविवारी उजाडता डोलीतून इस्पितळात नेली, डोलीला लावलेला हिरवा पडदा कोणाच्या घरचा होता, मूल गेल्यावर घरी परत आणलेली बाई कितव्या दिवशी तापाने गेली, हेसुद्धा ठाऊक होतं. तिला बारीकसारीक विचारा, ती सांगू शकली असती. आणि मिस सरकारांनी मान हलवली तेव्हा अंबिकेच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. दुसऱ्या कोणाच्या दुःखावर इतकं सहज रडता येतं हे तिला नवं होतं.

मग मिस सरकारांनी सांगितलं ते असं. मूल मोठं लागतंय. फितीने पोट मापलं तर दोन बोटं जास्त भरतं. पण पोटावरून वजन सांगणं म्हणजे बाहेरून कटहल बघून आतले गरे मोजणं, "दो में एक बार मैं ग़लत निकलती हूँ. पानी ज़्यादा हो तो भी पेट बड़ा दिखता है." दिवस भरायला दोन आठवडे आहेत. थांबलं तर मूल आणखी वाढेल. न थांबायचं तर शनिवारी सकाळी एरंडेल द्यायचं, कढत पाण्याची आंघोळ, मग कोयनेलच्या कडू गोळ्या. कधी कळा सुरू होतात, कधी नुसतेच जुलाब होतात आणि बाई दमून घरी जाते. लवकर आणलेलं मूल कधी अशक्त निघतं. "तुम्हारे साथ एक बार हो चुका है, इसलिए कहती हूँ. पहला होता तो मैं रुकती. घर में पूछ लो, पर फ़ैसला तुम्हारा."

तुपकट पेल्यातून पाणी प्यावं तसं ते तिच्या घशाखाली गेलं. निर्णय तिचा, आणि ज्यावर निर्णय करायचा ते दुसरीचं.

बाहेर पिंपळाखाली ढुंढिराजशास्त्री छत्री मिटून उभे होते. पाऊस नव्हता, पण छत्री होती. ते भोसले घाटावरच्या पाठशाळेत न्याय शिकवत, आणि अनुमान पक्कं असलं की प्रत्यक्षाची वाट बघायची नाही हा त्यांचा स्वभाव झाला होता.

"काय म्हणाल्या?"

"मूल मोठं आहे म्हणाल्या."

त्यांनी डोळे मिटले. "ठाऊक होतं मला."

"मागचं दहा पौंडांचं होतं, असं माझ्या कार्डावर लिहिलंय."

"होतंच ते. मीच सांगितलं. नावं लिहून घेणाऱ्या बाईने जुनं रजिस्टर उघडलं, तुझं नाव लगेच सापडलं."

"माझं?"

"अगं, नाव तेच, पत्ता तोच. शिवाय छापील रकाना होता, 'मागील मूल'. 'कोणाचं' असा रकाना नव्हता." ते थांबले. मग पाठशाळेतल्या आवाजात म्हणाले, "आणि बीज तेच आहे. क्षेत्र बदललं म्हणून गव्हाचा हरभरा होत नाही."

इक्क्यात बसताना त्यांनी गाडीवानाला चारदा सांगितलं, "धीरे, भैया, धीरे." खड्डा आला की त्यांचा हात तिच्या पुढ्यात आडवा यायचा, न शिवता, दांडीसारखा. एरवी रस्त्यात ते तिच्या दहा पावलं पुढे चालत. ती त्या हाताकडे बघत राहिली. नख चावलेलं होतं. ही काळजी तिच्यासाठी शिवलेली नव्हती, हे तिला अंगाला लागताच कळलं. खांद्यात सैल, लांबीला आखूड. पहिलीच्या पेटीतली चोळ्या-लुगडी तिने वापरून संपवली होती, घडीवर पिवळी पडलेली, कापराच्या वासाची. आता तळातली ही एक निघाली होती. चार वर्षांपूर्वी डोलीबरोबर चालताना या माणसाने 'धीरे' म्हटलं नसणार, किंवा म्हटलं असेल आणि पुरलं नसेल. ते उरलेलं 'धीरे' आज इक्केवाल्याला मिळत होतं. क्षेत्र म्हणाला तो. तीही क्षेत्रच होती की. पण त्या शेताची याद येते, आणि या शेतात नुसतं पीक बघायचं.

घरी माई विळीवर दुधी चिरत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त वार विचारला.

"शनिवारी? शनिवारी अविधवा नवमी, सवाष्णपणी गेलेल्यांची. तिचं पान आहे."

"पान होईल की. ही सकाळी इस्पितळात जाईल, इकडे सवाष्ण जेवेल."

"पितृपंधरवड्यात मूल ओढून आणायचं? आपण होऊन आलं तर गोष्ट निराळी. पाहुण्याने यायचं तेव्हा यावं, आपण इक्का पाठवून कशाला बोलवा?"

"आई," ढुंढिराज म्हणाले, "मागच्या वेळी थांबा कोण म्हणालं?"

विळी थांबली. माईंनी दुधीची फोड हातात धरली आणि ती कुठे टाकायची हे विसरल्यासारख्या बसल्या. मग माई म्हणाल्या, "शरदिनीलाच सांगते सवाष्ण म्हणून. ती पोटभर जेवते." आणि विळी पुन्हा चालू झाली. अंबिका दारात उभी होती. 'मागची वेळ' ही त्या घरातली एक खोली होती. तिथे मायलेक जाऊन बसायचे, एकमेकांवर रागवायचे, एकमेकांना क्षमाही करायचे बहुतेक, आणि तिला त्या खोलीची झाडलोट तेवढी माहीत होती. आज इस्पितळात पहिल्यांदा कोणी तिला त्या खोलीत नेऊन बसवलं होतं, मधल्या पाटावर, यजमानीण म्हणून. तिथून उठायला ती तयार नव्हती. हे तिला कळलं तेव्हा ती दचकली, पण उठली मात्र नाही.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. दुपारी ती माजघरातल्या फरशीवर कुशीवर पडायची. गंगा चढलेली होती, शिंदे घाटावरचं कललेलं देऊळ गळ्यापर्यंत पाण्यात होतं, आणि मणिकर्णिकेच्या चिता पायऱ्या सोडून वर सरकल्या होत्या, त्यामुळे वारा इकडचा असला की वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागायचा. बाहेरच्या ओसरीत विद्यार्थी घोकत होते की पर्वतावर धूर दिसतो, सबब पर्वतावर अग्नी आहे. त्या घरात अग्नीचं अनुमान करायची पाळी कधी आली नव्हती. पोटातलं मूल अशा वेळी वळायचं. एक टणक गोळा डाव्या बरगडीखालून उजवीकडे सावकाश जायचा, कोणी अंधारात भांडं सरकवल्यासारखा. हे मोठं आहे का? कशाच्या मानाने मोठं? तिला दुसरं पोट माहीत नव्हतं. झाशीला आत्याच्या बाळंतपणात तिने बाळ बघितलं होतं, ते सोललेल्या रताळ्यासारखं होतं, आणि त्याला कोणी तोललं नव्हतं. तोलायचं कशाला? जिवंत मुलाचं वजन कोणी लक्षात ठेवत नाही. दहा पौंड, दहा पौंड, हे जे त्या घरात इतक्या हळू आवाजात म्हटलं जायचं, ते मेल्यामुळेच इतकं भरलं असावं. माईंच्या सांगण्यात तर त्याला जावळ होतं खांद्यापर्यंत, आणि बोटं अशी की वीणा वाजवावी. दरवर्षी त्याच्यात काही तरी भर पडायची. आता तो चार वर्षांचा असता तर अमरकोश म्हणाला असता, असं माई गेल्या श्रावणात म्हणाल्या होत्या. अशा मुलाच्या पाठीवर जन्माला यायचं म्हणजे काय, याची या सरकणाऱ्या गोळ्याला कल्पना नसावी.

गुरुवारी ती कोठीत गेली. दहा पौंड म्हणजे जवळजवळ पाच शेर. पिठाच्या डब्यात पाचच शेर पीठ होतं, सकाळीच दळून आलेलं, अजून कोमट. तिने डबा उचलला आणि छातीशी धरला. धरल्यावर तिला सोडवेना. पत्र्यातून ऊब येत होती, हाताला रग लागली, कंबरेत काही तरी ताणलं गेलं, आणि तिला त्या बाईचा इतका राग आला की दात शिवशिवले. एवढं. एवढं वागवलं तिने, नऊ महिने, आणि दोन रात्री एक दिवस, आणि त्यावर मरूनही दाखवलं. यानंतर कोणी काय करून दाखवायचं?

"पीठ कशाला उचलतेस गं?" माई दारात.

"बघत होते, पुरेल का शनिवारला."

"पुरेल. तिला पोळ्या फार लागत नसत. गव्हल्यांची खीर मात्र वाट्या वाट्या." माईंनी डबा तिच्या हातातून काढून घेतला. "नको ते उद्योग करू नकोस. मागच्या वेळीही हिने अशाच घागरी उचलल्या होत्या."

'हिने' म्हणाल्या. तिच्याकडे बघून.

सांगून टाकावं, असं तिला शुक्रवारी सबंध दिवस वाटत होतं. इस्पितळात जावं आणि म्हणावं, बाई, ती मी नव्हे. काम तीन शब्दांचं. मग ते एरंडेल नको, कोयनेल नको, डॉक्टरीणच म्हणाली होती, पहिलं असतं तर थांबले असते. पण मग ती पहिलटकरीण होणार. कालची पोर, जिला काहीच झालेलं नाही. हात पुन्हा टेबलावर ठेवला जाणार. शिवाय बीज. गव्हाचा गहू. समज तो म्हणतो ते खरं असलं, आणि खांदे अडले, आणि डोली निघाली, तर? हे मनात आलं की ती उठून बसायची, आणि त्या भीतीतही एक बारीक, लाजिरवाणं बोट हिशेब करायचं, की मग आपलाही टाक होईल, तिसरीच्या गळ्यात दोन टाक वाजतील, आणि तिसरीचं नावही अंबिकाच असेल. भांडी आहेतच.

शनिवारी सकाळी माईंनी चूल पेटवली ती तिच्यासाठी, म्हणजे पहिलीसाठी. निघताना खिरीच्या दुधाचा वास जिन्यापर्यंत आला. शरदिनीवहिनी, पलीकडच्या गल्लीतली, न्हाऊन माखून, कोरं लुगडं नेसून जिन्यात भेटली. "काय गं, आजच का? चांगलं आहे. मी इकडे जेवते, तू तिकडे मोकळी हो," म्हणून तिने हसून अंबिकेच्या पोटावरून हात फिरवला. इस्पितळात लोखंडी खाट, पांढरी चादर, तिच्यावर इस्पितळाचा निळा छाप. सिस्टरने पेला आणून ठेवला. मोसंबीचा रस, वर एरंडेल, दोन्ही एकमेकांत न मिसळता, वर पिवळं दाट आणि खाली फिकट हिरवट. मिस सरकार आल्या, खाटेच्या कडेवर बसल्या आणि त्यांनी पुन्हा हात धरला. अंबिका चार दिवस याच हाताची वाट बघत होती.

"डरना नहीं. मुझे एक बात बताओ, कार्ड में नहीं है. बच्चा रोया था? पैदा होकर, एक बार भी?"

अंबिकेने तोंड उघडलं. कळा किती तास, सांगता आलं असतं. पडद्याचा रंग, सुईणीचं नाव, डोलीचे भोई किती, सगळं तिच्या जिभेवर होतं. रडलं होतं का? तिने ती सगळी गोष्ट आतल्या आत भराभर उलगडून बघितली, माईंच्या आवाजात, नवऱ्याच्या आवाजात, शरदिनीच्या. जावळ होतं, बोटं होती, वजन होतं. आवाज नव्हता. त्या खोलीत सगळीकडे फिरून आल्यावर एक दार आतून लावलेलं निघावं तसं झालं. त्या दाराआड ती बाई एकटी बसली होती, आपलं मूल घेऊन, आणि ते रडलं की नाही हे तिला ठाऊक होतं आणि ती सांगणार नव्हती. टाकावरच्या बाईला तोंडच नव्हतं.

"मुझे नहीं मालूम," अंबिका म्हणाली. "वो मेरा नहीं था."

मग अंबिकेने सांगितलं, तुटक तुटक, झाशीच्या हिंदीत: नाव, भांडी, रकाना. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. एवढ्यात आटोपणारं ते काम होतं. मिस सरकारांनी तिचा हात सोडला, कारण कार्ड फाडायला दोन हात लागतात.

"तो यह तुम्हारा पहला है."

"जी."

त्यांनी तिला आडवं केलं, फीत काढली, मापलं. परत मापलं. चष्मा कपाळावर चढवला. "फीता वही कहता है जो मंगल को कहता था. दो उँगली. मंगल को मैंने पहले दस पौंड पढ़ा, फिर नापा," त्या म्हणाल्या, आणि हे वाक्य त्यांनी अंबिकेला नाही तर फितीला सांगितल्यासारखं वाटलं. "जिनके पिछले बच्चे के कंधे अटके, उनके लिए दो उँगली बहुत होती है. तुम्हारे लिए नहीं."

ढुंढिराजशास्त्र्यांना पडद्याशी बोलावलं. त्यांनी ऐकलं, आणि वाद सोडायची सवय नसल्यामुळे म्हणाले, "लेकिन बीज तो वही है."

"पंडितजी, बीज आपका होगा. कंधे इसकी हड्डी में से निकलने हैं. बाप का असर होता है, थोड़ा, पर उतने पर मैं किसी को एरंडी नहीं पिलाती. पिछले बच्चे का ख़ाना माँ का होता है." मग त्या वळल्या. "तुम बोलो. आज करना है कि रुकना है? दोनों में ख़तरा है, रुकने में मुझे कम दिखता है. हर हफ़्ते आओ, दर्द उठे तो फ़ौरन आओ."

"रुकूँगी," अंबिका म्हणाली.

हे शहाणपणाचं होतं म्हणून म्हणाली असं नाही. शहाणपणाचं होतं हे योगायोगाने. नवमी तिची होती. त्या दिवशी त्या घरात पान तिचं, खीर तिची, सवाष्ण तिची. त्या तिथीला आपल्या मुलाने येऊ नये. दुसरी कुठलीही तिथी चालली असती. पेल्यातलं एरंडेल सिस्टरने बाटलीत परत ओतलं, आणि खालचा रस आपण प्यायली.

परत येताना ढुंढिराज 'धीरे' म्हणाले नाहीत. हातही आडवा आला नाही. तो त्यांच्या मांडीवर नुसता पडून होता, काम गेलेल्या माणसासारखा. अंबिकेला वाटलं आता ते रागावतील, पण राग येत नव्हता, दुसरंच काही तरी येत होतं आणि तेही पुरतं येत नव्हतं. घरी शरदिनीवहिनी जेवून विडा चघळत भिंतीला टेकली होती. "तिचं पोट भरलं बाई," ती म्हणाली, आपल्या पोटावर हात ठेवून. माईंनी पान मांडलं आणि उरलेलं वाढलं. दुधीचं भरीत, पोळ्या, गव्हल्यांची खीर. अंबिका जेवायला बसली, आणि बकासुरासारखी जेवली. खीर चार वाट्या. माईंनी चौथ्या वाटीला तिच्याकडे बघितलं, आणि तूप वाढलं.

दुपारी माई निजल्यावर तिने विचारलं. ढुंढिराज खिडकीशी पोथी घेऊन बसले होते, आणि पान उलटत नव्हते.

"ते रडलं होतं का?"

"कोण?"

"मागचं."

खाली गल्लीतून 'राम नाम सत्य है' म्हणत एक प्रेत गेलं, मग दुसरं गेलं.

"मी बाहेर होतो," ते म्हणाले.

"आणि माई?"

"आई देवळात होती, नवस बोलायला. मडम होती तिथे. ती काही म्हणाली होती, इंग्रजीत. मी पुन्हा विचारलं नाही."

"इंग्रजी येतं की तुम्हाला."

"येतं," ढुंढिराज म्हणाले. त्यांनी पोथी मिटली, फडक्यात गुंडाळली, दोरी बांधली, सोडली आणि पुन्हा बांधली. लग्नानंतर प्रथमच तिला हा माणूस एकटा दिसला, बाजूला कोणी नसलेला. तिने उठून त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. एवढंच सुचलं. तांब्यावर नाव होतंच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, भरतमिलापाला, सकाळी कळा सुरू झाल्या. सगळी काशी दोन भावांची गळाभेट बघायला लोटलेली, इक्का चौकात अर्धा तास अडकला, आणि एक चणेवाला तिच्याकडे बघून म्हणाला, "बहूजी को भी दरसन कराने ले जा रहे हैं पंडितजी?" ढुंढिराजांनी त्याला उत्तर दिलं नाही, ते खाली उतरले, घोड्याचा लगाम स्वतः धरला आणि माणसं बाजूला सारत चालू लागले, छत्रीने, कोपराने, तोंडाने न शोभणारं काही तरी बोलत. न्यायशास्त्रात ते शब्द नव्हते. कळ आली की अंबिका इक्क्याची दांडी धरायची आणि समोरच्या त्या घामेजलेल्या पाठीकडे बघायची. मागच्या वेळी यांनी लगाम धरला नव्हता. डोलीला लगाम नसतो. हे तिने कळेच्या शिखरावर, दात खाऊन, नीट नोंदवून ठेवलं.

दिवेलागणीला मूल झालं. खांदे कुठे अडले नाहीत. ते लगेच रडलं, आणि सिस्टरने थांबवायचा प्रयत्न केला तरी थांबेना. मिस सरकार म्हणाल्या, सब ठीक है, पानी ज़्यादा था, आणि हात धुवायला गेल्या. सिस्टरने पडद्याबाहेर सांगितलं, लड़की है. बाहेरून ढुंढिराजांचा आवाज आला, "वज़न?"

सिस्टरने तागडीत घातलं. सहा पौंड तीन औंस.

"फिर से तौलिए," अंबिका खाटेवरून म्हणाली.

सिस्टरने दुपटं काढून पुन्हा तोललं. नुसती मुलगी पाच पौंड चौदा औंस भरली.